नवशा तांडेलाचं अर्धं वल्हं

मी वल्हं बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धंच. पातं गेलं, नुसता दांडा उरलाय. तरी कोणी काठी म्हटलं की अजून राग येतो.

तारापूरच्या किनाऱ्यावर सुतारानं मला सागातून तासलं. नवशा तांडेल होडीचा कारभारी. त्याच्यासोबत मी बारा वर्षं खारं पाणी कापलं. त्याच्या मुठीनं माझ्या अंगाला पडलेला खळगा अजून आहे.

पासष्ट सालच्या दिवाळीत होडी वाळूवर ओढताना दोर तुटला आणि होडी कलंडली. तिच्याखाली माझं पातं मोडलं आणि नवशाचा गुडघाही. हाड सांधलं, पण पाय लुळा राहिला. मग त्यानं माझं मोडकं टोक कापलं आणि आम्ही दोघं मोडके एकमेकांना धरून चालू लागलो. गावाशेजारी विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, बोईसरला परमुलखातले मजूर उतरत होते. सगळा गाव बघायला धावायचा, आम्ही मात्र ओट्यावर. होळीपर्यंत होडीवर चढता आलं नाही तर तांडेलकी धाकट्या भावाकडे जाणार, असं घरात ठरलं होतं.

"मनोरच्या पल्याड डोंगरात ऊन पान्याचं कुंड हाय. तुमाला नेतेच," त्याची बायको मंजुळा म्हणाली. बोईसरहून आगगाडी, पालघरहून एस.टी. आणि मग डोंगरवाट. तिनं एका खांद्यावर बोचकं घेतलं, दुसऱ्यावर नवऱ्याला.

कुंडापाशी बुधी नावाची म्हातारी राहायची. आलेल्यांना झोपडी द्यायची, भात रांधून घालायची. नवशा मात्र काठावर बसला तो बसलाच.

"अवो, उतरा ना," मंजुळा म्हणाली.

"थांब. आज अष्टमी. भरती लागू दे, मंग उतरतो."

बुधीला हसता हसता ठसका लागला. "तांडेल, ह्या पान्याला भरती नाय, ओटी नाय. बारा मास हितंच हाय!"

जन्मभर तिथी मोजून पाण्यात उतरलेला माणूस तो. पटायला दुपार झाली.

बुधीच्या कुडाला सात-आठ काठ्या टेकलेल्या होत्या. "बरा झालेला मानूस काठी इसरून जातो," तिनं सांगितलं. "पन इसरली पायजे. मुद्दाम ठेवलेली चालत नाय."

पाचव्या दिवशी नवशानं नेमकं तेच केलं. मला दगडाला टेकवलं आणि छाती काढून निघाला. दहाव्या पावलाला मटकन खाली बसला. बुधीनं मला त्याच्या हातात परत दिलं. तो माझ्यावर कपाळ टेकून रडला. मला वाईट वाटलं आणि, लाज वाटते सांगायला, थोडं बरंही वाटलं.

आठव्या दिवशी तो पाण्यात बसून बोटं मोजत होता. एकदम ओरडला, "मंजुळे! आज अवस! उद्या उधानाची भरती, नि होडी खाली पान्याजवळच पडलीय! वर घ्यायला मी कुनाला सांगितलंच नाय!"

आणि उठला. ओल्या धोतरानिशी, लंगडत, एस.टी. गाठायला उताराला लागला. दहा पावलं झाली, वीस झाली. मी दगडाला टेकून मोजत होतो.

मंजुळानं बोचकं उचललं आणि सवयीनं माझ्याकडे हात केला. बुधीनं नकारार्थी मान हलवली. मंजुळा माझ्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसत नवऱ्यामागे पळाली.

पुढच्या संक्रांतीला ती सुके बोंबील घेऊन एकटीच आली. होडी वाचली, तांडेलकी राहिली. नवशा समुद्रावर होता. नवं वल्हं घेतलं म्हणे. जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू?

आता मी कुंडाच्या पायरीशी उभा असतो. शेवाळावरून उतरणारे माझ्या त्याच खळग्यात हात घालतात. तुम्हीही आलात तर मला घट्ट धरा, भरतीची वाट बघू नका. आणि जाताना मला खुशाल विसरा.