केसातलं औषध

डॉक्टर अश्लेषाच्या जिभेला हाड नव्हतं. बाई लहान मुलांच्या टीबीवर संशोधन करायची, मोठी शिकलेली, सगळं खरं. पण भरल्या ओपीडीत एखाद्या आईची अब्रू काढायची म्हटली की तिला दार लोटून घ्यायचीही गरज वाटत नसे. त्या सोमवारी तिनं प्रेरणाची काढली.

"खरं सांग. औषध देत नाहीस ना पोराला?"

पहिल्याच वाक्यात 'तू'. तिच्या अभ्यासात पोराचं नाव घालायचं होतं तेव्हा मात्र 'तुम्ही बसा, पाणी घ्या' चाललं होतं! प्रेरणाच्या मांडीवर अडीच वर्षांचा हिमांशू पेंगत होता. बाकावरच्या सगळ्या बाया कान टवकारून बसल्या.

"देते की. रोजच्या रोज."

"मग हे काय?" अश्लेषानं रिपोर्ट टेबलावर आपटला. "केसात जेवढं औषध सापडायला पाहिजे त्याच्या निम्मंच आहे. आणि तुझी गोळ्यांची पाकिटं रिकामी येतात. गोळ्या जातात कुठं? मोरीत?"

हे केसाचं प्रकरण प्रेरणाला पहिल्या दिवशीच समजावलेलं होतं. गोळी पोटात गेली की तिच्यातलं थोडं औषध केसाच्या मुळाशी उतरतं आणि केस वाढेल तसं त्यातच राहतं. मानेमागची चिमूटभर बट कापून तपासली की गेल्या महिन्यात लेकराच्या अंगात किती औषध गेलं ते कळतं. ती बट कापली म्हणून घरी सासूनं, सरूबाईनं, केवढा थयथयाट केला होता! नातवाचं जावळ कुळदेवीला बोललेलं, आणि ही कोण कुठली डॉक्टरीण त्याला आधी कात्री लावणार? सासूच्या शिव्या खाऊन प्रेरणानं ती बट कापू दिली होती. आणि आता त्याच बटेवरून ही बाई तिला खोटारडी ठरवत होती.

"माझ्या लेकराचं औषध मी मोरीत घालीन व्हय, म्याडम? तुमचं मशीनच खोटं बोलत असंल."

"मशीनला नवरा नाही, सासू नाही. ते कशाला खोटं बोलेल?"

बाकावर कुणीतरी फिदकन हसलं. प्रेरणाचे कान तापले.

अश्लेषाचं अजून संपलं नव्हतं. छातीत गाठी झालेल्या लेकरांना टीबीचं औषध सहा महिने द्यावं लागतं. ते चार महिन्यांत भागतं का, हे बघायचा तिचा अभ्यास होता. "वजन वाढलेलं नाही, संध्याकाळचा ताप जात नाही," ती म्हणाली. "निम्म्या औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो. एकदा शहाणा झाला की या गोळ्यांना तो भीक घालत नाही. मग याहून कडक औषधं, तीही कितीतरी महिने. त्यातून हा वाचेल असं मी लिहून देणार नाही. आणि तुझ्या खोटेपणापायी मी उद्या छापायचं, की चार महिन्यांचं औषध लेकरांना पुरत नाही! बाकीच्या पोरांनी काय तुझं घोडं मारलंय?"

मग नाकातून नळी घालून हिमांशूच्या पोटातलं पाणी काढलं. जंतू शहाणा झालाय का, ते त्यातून कळणार होतं. लेकरू गुरासारखं ओरडलं. त्याचे दोन्ही हात प्रेरणानंच धरून ठेवले होते.

"निकाल यायला वेळ लागेल. तोवर एक खाडा चालणार नाही," अश्लेषा म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मुकुंदवाडीच्या रिक्षात बसल्यावर प्रेरणाला रडू आलं नाही, संताप आला. ती चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला होती, पहिल्या पाळीला. पहाटे भाकरी थापून निघायची, म्हणून सकाळचं औषध सरूबाईच पाजायची. सासूच्या तोंडाला लगाम नव्हता, पण नातवावर तिचा जीव. औषधाची तर तिला फारच फिकीर. सोनं ठेवावं तसं ती ते लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. आज दवाखान्याला निघायच्या गडबडीतसुद्धा न विसरता तिनंच पाजलं होतं. तिच्यावर संशय घेणं म्हणजे पाप.

मग उरली कोण? वैजंता, थोरली जाऊ. दोघींत विस्तव जात नव्हता. सासरा बन्सी वर्षभर खोकला, 'बिडीचा खोकला हाय' म्हणत कुणाचं ऐकलं नाही. आता तोही पिशोरला गावच्या घरी टीबीच्याच गोळ्या खात होता. पण जायच्या आधी धाकट्या नातवाला लागण देऊन गेला. तेव्हापासून हिमांशूला दूध, हिमांशूला अंडं. वैजंताचा राजवीर वर्षानं मोठा आणि ठणठणीत. "माझं काय उकिरड्यावर सापडलंय का?" असं ती येताजाता भिंतीला ऐकवायची. तिनंच सांडलं असणार औषध, नाहीतर वाटीत पाणी ओतलं असणार. रिक्षा रेल्वे स्टेशनपाशी येईस्तोवर प्रेरणानं जावेला घालायच्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात रचून ठेवल्या.

पण गल्लीच्या तोंडाशीच तिला वैजंताचा आवाज ऐकू आला. ती ज्यांच्याकडं उजाडल्यापासून स्वयंपाकाला जायची ते लोक आजच्यापुरते गावाला गेलेले, म्हणून एरवी दिवसभर बाहेर असणारी ती आज घरी होती. दारात उभी राहून, पोराची ओली चड्डी हातात उंच धरून ती गल्लीला दाखवत होती.

"आली बघा! आली कैदाशीण! काय चारलंस गं माझ्या पोराला? बघा बायांनो, केशरी मुतलंय लेकरू, केशरी! सोताचं आजारी पडलं तर माझ्यावर करनी करतीस व्हय?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणायला प्रेरणानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर त्या चड्डीवर गेली.

तो रंग ती ओळखत होती. हिमांशूचं औषध सुरू झालं तेव्हाच अश्लेषानं बजावलं होतं, लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, औषधाचाच रंग आहे तो. तोच रंग. रचून ठेवलेल्या शिव्या तिच्या घशातच राहिल्या. जावेला बाजूला सारून ती थेट आत गेली.

सरूबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत होती.

"आत्या, राजवीरला काय पाजलं सकाळी?"

"औषध," सासू मान वर न करता म्हणाली.

"कुनाचं?"

"कुनाचं म्हंजी? घरातलं. दोन गोळ्या, दोन लेकरं. ढवळायचं, निम्मं ह्याला, निम्मं त्याला. म्हैना झाला, असंच चाललंय. त्यात लपवायचं काय?"

प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या, आजारी हिमांशू हाय! त्या दोन्ही गोळ्या त्याच्या एकट्याच्या हायत!"

"आन् ह्यो काय शेजाऱ्याचा हाय?" आता सरूबाईनं सूप खाली आपटलं. "गोड, वासाचं, गुलाबी औषध एकानं प्यायचं आन् दुसऱ्यानं वाटीकडं टकामका बघत बसायचं? असलं पाप माझ्या हातनं व्हायचं नाय. मी बी दोन पोरं वाढवली. चतकोर भाकर असली तरी तिचे दोन तुकडे केले, म्हनून दोघं भाऊ आज एका छपराखाली हायत. आज्याचा खोकला दोन्ही लेकरांनी खाल्ला. एकाला झालं, दुसऱ्याला व्हनार नाय कशावरून? आन् ही," तिनं दारातल्या वैजंताकडं बोट केलं, "ही रोज माझं रगत पीत व्हती. त्यालाच देता, त्यालाच देता! घे, दिलं तुझ्या बी पोराला!"

"मी दुधाचं बोलत व्हते!" वैजंता किंचाळली. "टीबीच्या गोळ्या द्या म्हनले व्हते का?"

"मला काय सपान पडलं व्हतं?"

"तुमच्या वाटणीपायी माझं लेकरू मरायला लागलंय!" प्रेरणा ओरडली. "ऐकू येतंय का? मरायला लागलंय!"

"मेले, भरल्या घरात अभद्र बोलतीस?" सरूबाई तरातरा उठली आणि तिनं सुनेच्या थोबाडीत मारली. मग ती मटकन बसली आणि सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. दाणे काही तिच्या चिमटीत येईनात.

रात्री गोकुळनं, म्हणजे प्रेरणाच्या नवऱ्यानं, आईचीच बाजू घेतली. आईनं मायेनंच केलं, त्यात एवढं घर डोक्यावर घ्यायचं काय कारण? प्रेरणानं बाहेर येऊन अश्लेषाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मग अश्लेषा म्हणाली, "दुसऱ्या मुलालाही घेऊन या. त्याला तपासावं लागेल. आणि सकाळी मी तुम्हाला जे बोलले..."

"ते ठिवा तुमच्यापाशी, म्याडम. जंतू शहाना झाला का, तेवढं सांगा."

"निकाल आल्याशिवाय नाही सांगता येणार. तोवर दोन्ही गोळ्या. तुमच्या स्वतःच्या हातानं. एक थेंबसुद्धा इकडंतिकडं नाही."

आता 'तुम्ही' म्हणाली. त्या 'तुम्ही'चं काय लोणचं घालायचं होतं?

दुसऱ्या दिवसापासून प्रेरणानं दुसरी पाळी मागून घेतली. सुपरवायझरनं तोंड वाकडं केलं, करू दे. सकाळी तिनं पेटीतून गोळ्या काढल्या, वाटीत विरघळवल्या, हिमांशूला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. तिच्यामागं धावत आलेला राजवीर बाहेर राहिला.

"काकी, मला बी!" तो दारावर थापा मारायला लागला. "काकी, माझं ऱ्हायलं!"

वैजंता कामाला गेली होती. सरूबाईनं त्याला ओढून घेतल्याचा आवाज आला, तो सुटून पुन्हा दाराशी आल्याचाही. "उघड गं," सासू बाहेरून म्हणाली. "नुसती वाटी तर विसळून दे त्याला. त्याला काय कळतंय? कसलं दगडाचं काळीज घिऊन आलीस आमच्या घरात?"

प्रेरणानं दाराकडं पाठ केली. कालपर्यंत हाच राजवीर तिच्या ताटात जेवायचा. जावेशी बोलणं नसलं तरी पोराला तिनं कधी दूर केलं नव्हतं. आता तो हुंदके देत होता, आणि ती हिमांशूच्या ओठाला वाटी लावत होती.

हिमांशू शहाण्यासारखा प्यायला. न थुंकता, तोंड न वेंगाडता, घोट घोट. तिला बरं वाटलं.

आणि मधेच तो थांबला. वाटी निम्मी झाली होती. त्यानं ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी वाटी दाराकडं ढकलली.

"दादाचं," तो म्हणाला.

"नाय रे राजा. आज समदं तुझंच. पी."

त्यानं मान हलवली. आई आपली परीक्षा बघतेय असं त्याला वाटलं असावं. महिनाभर रोज इथंच थांबून आजीकडून शाबासकी घेतली होती त्यानं. तो तिच्याकडं बघून हसला, आणि शाबासकीची वाट बघत बसला.

प्रेरणानं त्याचं नाक चिमटीत धरलं. तोंड उघडलं तशी उरलेली निम्मी वाटी तिनं आत ओतली.