रुमालाखालची बोटं

“आता कुठं पळता?” खालून कोणीतरी ओरडलं आणि दोन्ही घोडागाड्यांची चाकं दोराने एकमेकांना करकचून बांधली गेली.

एका गाडीवर बसलेल्या अल्सीड दुप्रेने कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, ओठांपासून काढलं आणि जिभेने वरचा दात चाचपला. काल नुसता दुखत होता, आज हलायलाही लागला होता. हे घरी बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळच्या नाचाची दवंडी पिटत दोन बँड एका चौकात आमनेसामने आले की न्यू ऑर्लीन्सचे लोक त्यांना असे सोडत नसत. एकाने हार मानली की मगच दोर कापायचा आणि गर्दी जिंकणाऱ्याच्या मागे जायची. समोरच्या गाडीवर दुसऱ्या बँडचा कॉर्नेटवाला ल्यूथर गेन्स होता. नाचाच्या हॉलच्या मालकाने अल्सीडला बजावलं होतं, “आज गर्दी आली नाही, तर पुढच्या रविवारपासून इथं ल्यूथर.”

आठवडाभर अल्सीड कारखान्यात सिगार वळायचा. तिथे त्याला कोणी विचारत नसे. रविवारी मात्र तो बँडचा मालक. उजव्या हातावर रुमाल टाकून वाजवायचा, त्याच्या जागा, म्हणजे सुरांची खास वळणं, कोणी बोटं बघून उचलू नयेत म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारी बसून दुसरं कॉर्नेट वाजवणारा थेओफिल त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, पण त्यालाही ती बोटं कधी दिसली नव्हती. “आम्ही बहीण दिली, दाजींनी एक जागा दिली नाही,” असं तो चारचौघांत म्हणायचा. म्हणताना हसायचा, पण ते त्याला लागलेलं होतं.

ल्यूथरने असं काही वाजवलं की घोड्यांनीही कान टवकारले. लोक त्याच्या बाजूला सरकू लागले. अल्सीडने कॉर्नेट ओठांवर दाबलं आणि आपली ठेवणीतली जागा घ्यायला गेला. दात आत वळला आणि सूर फाटला.

गर्दी हसली. “अल्सीडभाऊ,” ल्यूथर पलीकडून म्हणाला, “सांगू का दोर कापायला? लाजू नका.”

अल्सीडचा क्लॅरिनेटवाला ओझेम तेच कडवं ओढून वेळ मारून नेऊ लागला. त्याचा दम संपत आला होता.

“दाजी, रक्त येतंय,” थेओफिल पुटपुटला.

“मग? गावाला सांगतोस का?”

“ती जागा मी घेतो. कानात बसलीय माझ्या. बोटं कशी टाकता तेवढं दाखवा.”

अल्सीडला ल्यूथरची वाटली नसेल एवढी या मागणीची भीती वाटली. बोटं दाखवली की मग त्याच्याकडे राहिलं काय? ओझेमचा सूर थरथरायला लागला होता. समोर ल्यूथर पाय पसरून निवांत बसला होता.

अल्सीडने हातावरचा रुमाल काढून तोंडाशी दाबला. कॉर्नेट मांडीवर घेतलं आणि उघड्या बोटांनी, आवाज न करता, ती जागा कळांवर दाबून दाखवली. थेओफिल वाकून बघत होता. त्याने आपलं कॉर्नेट उचललं. पहिल्यांदा तो अडखळला. दुसऱ्यांदा जागा अशी लख्ख आली की सरकलेली गर्दी माघारी फिरली. अल्सीडची बोटं खाली चालतच होती.

ल्यूथरने प्रयत्न केला, पण लोक ऐकेनात. शेवटी त्याने टोपी काढली. दोर कापला गेला, तरी गर्दी हलेना, तीच जागा पुन्हा मागू लागली.

“नाव काय रे तुझं?” खालून एका बाईने थेओफिलला विचारलं. अल्सीडकडे तिने पाहिलंही नाही.

“दाजी, हात झाका,” थेओफिल हळूच म्हणाला. “ल्यूथर बघतोय.”

खरंच बघत होता. गुडघ्यावर त्याची बोटं तशीच पडत होती.

“बघू दे,” अल्सीड रुमालाआडून म्हणाला. “तू वाजव.”

थेओफिलला आता बोटं बघायची गरज राहिली नव्हती. तरी अल्सीडने ती पुन्हा टाकली, या खेपेला जरा सावकाश, पलीकडच्या गाडीवरूनही नीट दिसतील अशी.