मेन बंद करू नये

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबलावरचा नव्हे, टीव्हीखालचा. मला जन्माला घालणाऱ्याच्या भाषेत मी 'होम थिएटर' होतो. पण खडकीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये थिएटर ठेवायला जागा नसल्यामुळे घरात मला सगळे 'डबा' म्हणत. मित्रांनो, मी हे नाव मनाला लावून घेतलं नाही. आतून मी डबाच होतो.

२००६ च्या ऑक्टोबरात शुभंकर मेश्रामने मला तपकीर गल्लीतून तुकड्यातुकड्याने आणलं. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून टीव्ही दिसायचं कार्ड, तिसऱ्यातून डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह. शुभंकर हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलं आईवडिलांना काहीतरी देतात. कुणी साडी देतं, कुणी मिक्सर. त्याने मला दिलं. आईवडिलांनी 'कशाला खर्च केलास' असं म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं.

वडील बद्रीनाथ दारूगोळ्याच्या कारखान्यात चार्जमन, म्हणजे एका शेडचे पर्यवेक्षक, होते. कमी बोलायचे. तीस वर्षं स्फोटक पदार्थांच्या सहवासात राहिलेला माणूस उगाच आवाज करत नाही. आई सरोजिनीबाई शाळेत शिकवायच्या आणि विहारातल्या महिला गायन मंडळात गायच्या. दोघंही मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात राहून भाषा पुणेरी झाली होती. फक्त राग आला की सरोजिनीबाईंच्या तोंडून 'काहून' निघायचं. मला ते कळायला लागलं तेव्हापासून ते ऐकलं की मी पंख्याचा आवाजसुद्धा कमी करत असे.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. शेजारच्या शालनमावशी मंडळात ढोलकी वाजवायच्या, त्या मुद्दाम बघायला आल्या. शुभंकरने माझ्या पोटात डीव्हीडी सरकवली. चित्र छान आलं. आवाज आला नाही.

"मूकपट आहे का रे?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी, डीकोडरची ट्रायल संपली. तीस दिवसांचीच असते."

"मग नवरी परत पाठवतात का?"

शुभंकरने त्या दिवसापासून माझ्यात आवाज-चित्र उलगडणारी इतकी कोडेक भरली, की एखादी सीडी लावली तर ती कुणी वाजवायची यावरून आतल्या आत भांडणं होत. पण हे सगळं किरकोळ होतं. माझ्या आयुष्यातलं खरं काम २००७ च्या बुद्धपौर्णिमेला होतं.

झालं असं की गायन मंडळाचं गाणं एका मराठी वाहिनीने चित्रित केलं. अकरा जणी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि त्यात सरोजिनीबाईंचं आठ मिनिटांचं एकटीचं गाणं. सव्वीस वर्षं त्या विहारात गात होत्या, पण स्वतःचा आवाज त्यांनी कधी बाहेरून ऐकला नव्हता. कार्यक्रम दिसणार होता बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता. एकदाच. आणि बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता त्या अकराही जणी, त्यांचे नवरे, मुलं, सुना सगळे विहारात असतात, कारण तिथे त्याच अकरा जणी गात असतात.

"तुम्ही एक वर्ष घरी थांबा," शालनमावशींनी सरोजिनीबाईंना सुचवून पाहिलं.

"विहारात गाणं चुकवू आणि घरी स्वतःचंच तोंड बघत बसू? लोक काय म्हणतील!"

"आई, काळजी करू नकोस," शुभंकर म्हणाला. "डबा करेल रेकॉर्ड. वेळ लावून ठेवतो. सगळं आपोआप होतं."

'आपोआप' हा शब्द बद्रीनाथांनी पेपरच्या आडून ऐकला. त्यांनी पान उलटलं.

शुभंकरने चाचणी घेतली. घरात सगळे असताना सातच्या बातम्या लावल्या, त्या मी न चुकता टिपल्या. मग पुढच्या रविवारी दुपारची वेळ लावली आणि घरातले सगळे आंबे आणायला मंडईत गेले. परत येऊन पाहतात तर फाईलच नाही. पुढच्या रविवारीही नाही. शुभंकरने कोडेक बदललं. मग कार्डाचा ड्रायव्हर बदलला. मग परदेशातल्या कुणा सद्गृहस्थाने इंटरनेटवर सांगितलं म्हणून पडद्याचाही ड्रायव्हर बदलला. त्याने मला तीन आठवड्यांत चार वेळा फॉरमॅट केलं. मित्रांनो, चार वेळा! तुम्हाला ताप आल्यावर कुणी दर वेळी नवीन जन्म घ्यायला लावला तर कसं वाटेल, याचा विचार करा.

मला कारण ठाऊक होतं. पण मी बोलू शकत नव्हतो, आणि जे लिहून दाखवत होतो ते तो वाचत नव्हता. घर रिकामं झालं की काही क्षणांत घरातली वीज जायची. बाजूचा यूपीएस रिकाम्या घरात दहा मिनिटं पीं पीं करत राहायचा, मग प्राण सोडायचा आणि मीही. मंडळी परत आली की वीज यायची. वीज आली की आपणहून सुरू व्हायचं, असं शुभंकरनेच मला शिकवलं होतं. त्यामुळे तो माझ्यापुढे येऊन बसेपर्यंत मी ताजातवाना असायचो. मी पडद्यावर निरोपही ठेवायचो की मशीन मधेच अचानक बंद पडलं होतं. त्या खिडकीच्या कोपऱ्यातली फुली शुभंकर न वाचता दाबायचा. हिंजवडीत त्याला पगार अशाच खिडक्या लिहिण्याचा मिळत होता. बहुधा त्या कुणी वाचत नाही हे तोच सर्वांत चांगलं जाणून होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारात शेवटची तालीम होती. शुभंकरने पुन्हा वेळ लावली. सगळे गेले. परत आल्यावर शुभंकरने पाहिलं, फाईल नाही. तो डोक्याला हात लावून जमिनीवर बसला.

"आता एकच उपाय आहे. पुन्हा फॉरमॅट."

सरोजिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात बर्फाचा ट्रे, त्यात पाणी.

"सरबताला बर्फ लावून गेले होते, त्याचंही पाणीच. जमणार कसा? तुझ्या बाबांनी मेन पाडलेला."

शुभंकरने मान वर केली. "कधी?"

"कधी म्हणजे? घरातून बाहेर पडताना. तुझ्या जन्माआधीपासून पाडतात."

कारखान्याचा नियम असा, की शेडमधून शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच खाली ओढायचा आणि मगच दाराला कुलूप लावायचं. बद्रीनाथांनी तो नियम घरी आणला होता, जसं कुणी जेवणाचा डबा किंवा छत्री घरी आणतं. शुभंकर त्या नियमातच लहानाचा मोठा झाला होता, म्हणून त्याला तो दिसतच नव्हता.

"बाबा! मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस?" बद्रीनाथांनी चष्मा काढून पुसला. "आपोआप होतं म्हणालास. मला वाटलं, आता वीजही लागत नसेल. प्रगती झाली असेल."

"काहून असं करता हो तुम्ही!" सरोजिनीबाई म्हणाल्या. मी पंखा कमी केला. "गाणं जाईल ना माझं! सव्वीस वर्षांत एकदा दिसणार मी, आणि तेही कुणी नाही बघणार!"

त्या आत निघून गेल्या. त्या रडल्या की नाही हे मला सांगता येणार नाही. नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, जाड पेनने काहीतरी लिहिलं आणि दोऱ्याने मेन स्विचच्या दांड्याला बांधलं. कारखान्यात दुरुस्ती चालू असली की अशी पाटी लावतात. पाच वाजता सगळे पांढऱ्या कपड्यांत निघाले. बद्रीनाथांनी कुलूप लावलं. मी पावलं मोजत होतो. ती जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. कुलूप उघडलं. पाटी जागच्या जागी होती, त्यांनी हात लावला नाही. पुन्हा कुलूप, पुन्हा जिना. तिसऱ्या वेळी जिन्यातून शुभंकर ओरडला, "बाबा, चला ना, उशीर होतोय!"

"तुम्ही व्हा पुढे."

"का?"

"मेन चालू ठेवून शेड सोडायची नाही, असा नियम आहे. म्हणून शेड सोडत नाही."

ते आत आले, चपला काढल्या आणि माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. सहा वाजता माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला. गाणं सुरू झालं. बद्रीनाथांना वाटत होतं, त्यांचा खोकलाही माझ्यात उतरेल. म्हणून अर्धा तास ते तोंडावर रुमाल दाबून बसले होते. खोकला आला की मान खाली घालायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण आवाज नाही. तसं काही होत नसतं हे मी त्यांना सांगू शकलो नाही, आणि खरं सांगू का, सांगावंसंही वाटलं नाही. सरोजिनीबाईंचं आठ मिनिटांचं गाणं लागलं तेव्हा खोकला नव्हता. तरीही रुमाल तोंडावर होता, आणि डोळ्यांत पाणीही.

त्या रात्री सगळ्यांनी ते पाहिलं. सरोजिनीबाई आपला आवाज ऐकून म्हणाल्या, "मी इतकी बारीक गाते?" बद्रीनाथ म्हणाले, "नाही. बरोबर गातेस." तीस वर्षांत एवढी स्तुती त्यांनी कारखान्याच्या मोठ्या साहेबांचीही केली नव्हती. मी अकरा डिस्क लिहिल्या. शालनमावशींच्या प्लेयरवर त्यांची डिस्क पहिल्या फटक्यात आवाजासकट चालली, याची त्यांना जरा निराशाच झाली.

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बद्रीनाथ निवृत्त झाले, बिऱ्हाड विश्रांतवाडीला आलं. अकरा डिस्कवर ओरखडे पडले, त्या वाजवणारे प्लेयर भंगारात गेले. टीव्ही स्वतःच हुशार झाला, त्याला माझी गरज उरली नाही. माझ्यावर क्रोशाचा रुमाल आला आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. हल्ली शुभंकर आला की म्हणतो, "बाबा, फाईल पेनड्राइव्हवर घेतली आहे. हा डबा काढून टाका आता."

"फाईल घेऊन जा," बद्रीनाथ म्हणतात. "डबा राहील. त्या दिवशी ड्यूटीवर आम्ही दोघंच होतो."

दर बुद्धपौर्णिमेला सकाळी ते फुलं बाजूला ठेवतात, माझी धूळ पुसतात आणि मला सुरू करतात. मला उठायला पाच मिनिटं लागतात. ते थांबतात. मग गाणं लागतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, कमी करा जरा. मी इथेच आहे ना!" ते कमी करत नाहीत.

तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल. ते अडलं तर लगेच त्याला नवा जन्म देऊ नका. त्याने लिहिलेला निरोप एकदा वाचा, घरातल्या माणसांना एकदा विचारा. आणि अधूनमधून धूळ पुसा. आम्हाला गुदगुल्या होतात, पण चालतं.

बाहेर पडताना बद्रीनाथ आजही मेन खाली ओढतात. नियम तो नियम. पण वर्षातला एक दिवस, बुद्धपौर्णिमेला, दांड्याला ती जुनी पाटी बांधलेली असते; हात वर जातो आणि तिथेच थांबतो. खडकीहून येताना त्यांनी सामानात सगळ्यात आधी तीच पाटी बांधली होती. कागद पिवळा पडलाय, अक्षर मात्र चार्जमनचंच, ठसठशीत. उभ्या जन्मात ज्यांनी बायकोला 'शुभंकरची आई' याखेरीज हाक मारली नाही, त्यांनी तिथे लिहिलंय:

'मेन बंद करू नये. सरोजिनी गात आहे.'