शटरपाशची खुर्ची

"गाडी चालू असेल तोवर शटरपाशी खुर्ची टाकून कुणीतरी बसायचं, आणि आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं. नुसतं ‘हो’ म्हणाला तर ते धरायचं नाही. उलट बोलला पाहिजे."

सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मांडीवर माझी तान्ही लेक होती आणि माझं अर्धं लक्ष तिच्या उचकीकडे होतं. मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. नंतर नवऱ्याला हसत म्हणालेसुद्धा, की आईंना बाबांशी भांडायला निमित्त हवं होतं, दुसरं काय.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर एकच खोली आहे. रस्त्याच्या बाजूला शटर, आतल्या बाजूला जिन्याचं दार, खिडकी नाही. तिथे सासऱ्यांची मोटरसायकल उभी असायची. ते रविवारी ती उघडून बसत आणि सासूबाई शटरमध्ये खुर्ची टाकून भाजी निवडत त्यांना टोमणे मारत. "अहो, आहात का? की त्या भवानीनेच गिळलं?" त्यावर सासरे म्हणत, "गिळलं तरी तू बाहेर बोलावशीलच." एवढं ऐकलं की त्या पुन्हा शेंगा सोलायला लागत. ही खुर्ची बिनहाताची, बसकी होती. सासरे गेले, गाडीवर चादर पडली आणि खुर्ची कोपऱ्यात गेली.

वडील गेल्यावर नवरा फारसा रडला नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्याने चादर काढली. याआधी त्याने सायकलचं पंक्चरही काढलं नव्हतं. पण शिकला. नवख्यांनी पहिल्याच दिवशी सगळी गाडी उघडायची नाही, एका वेळी एकच भाग घ्यायचा, हे त्याला पटलं होतं. उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढायचा. निघालेले नटबोल्ट ज्याचे त्याच्या डबीत. डब्या लेकीच्या दुधाच्या पावडरीच्या, त्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. टाकीतला गंज त्याने कितीदा खळबळून काढला, कार्ब्युरेटर इतक्या वेळा उघडला की शेवटी गप्पा मारत, न बघता जोडायचा. गाडीला तो म्हातारी म्हणायचा. "घरात दोघी सांभाळतोय," म्हणायचा, "एक सारखी रडते आणि दुसरी ढिम्म हलत नाही."

मी मात्र लेकीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असायचे. ती झोपली की नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायचे. खालचा पेट्रोलचा वास वर येतो म्हणून जिन्याच्या दाराच्या फटीत जुना टॉवेल मीच कोंबला. खुर्ची दूध पाजायला बरी पडते म्हणून मीच वर आणली. आणि किकच्या आवाजाने ती दचकते म्हणून शटर खाली ओढून काम कर, असंही मीच सांगितलं. तो म्हणाला होता, "आईला कळलं तर माझी खैर नाही." मी म्हणाले, आई कुठे बघायला येतायत?

सासूबाई तेव्हा नणंदेकडे गेल्या होत्या.

दुपारची वेळ होती. लेक नुकतीच झोपली होती. खाली पुन्हा पुन्हा किक बसत होती आणि मग अचानक गाडी सुरू झाली. आधी ठसकली, मग एका लयीत चालायला लागली. मी जिन्यातून हाक मारली, "सुरू झाली का रे?" तो म्हणाला, "हो." लेक झोपेत हलली म्हणून मी परत आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा जिन्याशी येऊन विचारलं, चहा टाकू का. "हो." आता बंद करतोस ना, ती उठेल. "हो." आवाज जरा जड होता. मला वाटलं, बाबांच्या आठवणीने गळा दाटला असेल, राहू दे जरा एकटा. मी चहा टाकला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी उत्साहाने सांगितलं, आई, गाडी सुरू झाली. त्या हरखतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं:

"खुर्चीत कोण बसलंय?"

मी मागे वळून बघितलं. खुर्ची पलंगाशेजारी होती, तिच्यावर लेकीची दुपटी वाळत होती.

फोन कुठे टाकला आठवत नाही. दार ढकललं तर टॉवेलमुळे अडकलं. खांदा लावून उघडलं. गाडी शहाण्यासारखी चालू होती. तो तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर, डोळे अर्धे मिटलेले, गाल लहान मुलासारखे लाल. मी किल्ली फिरवली, शटर वर लोटलं, त्याला काखेत धरून रस्त्यापर्यंत ओढलं. समोरचा शिंपी धावत आला. वर लेक टाहो फोडत होती आणि मी नवऱ्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, धुरात जो वायू असतो त्याला वास नसतो. माणूस गुदमरत नाही, नुसता सुस्तावतो, आणि विचारलं तर हो म्हणतो. घरी आल्यावर काही आठवडे सगळं ठीक होतं. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो विसरायला लागला. आधी बाजारातून काय आणायचं ते, मग घरी यायची वाट. डॉक्टर म्हणतात, असं मागाहून होतं कधी कधी, सुधारेलही. परवा तो वर्तमानपत्र अंथरून कार्ब्युरेटर घेऊन बसला. सुटा केला आणि थांबला. एक पितळी तुकडा बोटांत धरून मला म्हणाला, "हे कुठलं गं?" मी त्यानेच काढलेले फोटो उघडून समोर धरले. फोटोत तोच तुकडा धरलेला हात होता, त्याकडे तो पुष्कळ वेळ बघत राहिला.

"हात कुणाचा आहे हा?"

मी सांगितलं, तुझा. तो "हो" म्हणाला.

खुर्ची आता पुन्हा शटरमध्ये आहे आणि शटर पूर्ण वर. आळीपाळीने मी नाहीतर सासूबाई बसतो, लेक मांडीवर. गाडी चालू होत नाही, तरी बसतो. सासूबाई त्याला सासऱ्यांना मारायच्या तेच टोमणे मारतात आणि वाट बघतात. अजून तो उलट बोललेला नाही.

म्हणून जुनी गाडी हाती घेणाऱ्यांना मी पान्यांविषयी काही सांगत नाही, ते शिकवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या घरात खाली, मागे, कुठल्याही बंद खोलीत कुणी इंजिन चालू करून बसलं असेल, तर हे वाचणं इथेच सोडा. शटर वर करा, हाक मारा. हो म्हणाला तर त्यावर जाऊ नका, आत जाऊन त्याचं तोंड बघा. काहीतरी टोचून बोला, आणि तो उलट बोलेपर्यंत तिथून हलू नका.