सुधन्वाच्या कार्डाची फाईल

शशिकांतरावांनी तीस वर्षं दिल्लीच्या मंत्रालयात फायली हलवल्या, खरं सांगायचं तर अडवल्या, आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधला संसारही त्याच चालीवर चालवला. नवा फ्रिज असो की सिमल्याची सहल, आधी फाईल यायला हवी. मंजूर करायचं नसलं की ते समासात ‘चर्चा करावी’ असं लिहीत, आणि ती चर्चा कधीच होत नसे. अलकनंदाबाई नवऱ्याच्या या थेरांना हसायच्या. तेवीस वर्षांचा सुधन्वा मात्र ते वेदवाक्य मानायचा. सुधन्वा ऑटिस्टिक होता, आणि नियम म्हटला की त्याच्या जिवाला बरं वाटायचं.

आता फाईल त्याचीच आली होती. विषय: सरकारी दिव्यांग कार्ड काढणे. कारण: मानेसरच्या कारखान्यात पार्ट तपासायची नोकरी लागली आहे, तीन महिन्यांनी रुजू व्हायचे आहे, मेट्रोने आणि पुढे कंपनीच्या बसने एकट्याने जायचे आहे. गार्डने न सांगता हात लावला की मी ओरडतो. दाखवायला कागद हवा.

आजवर असं झालं की बरोबर असलेले शशिकांतराव काहीतरी ठोकून द्यायचे. कधी मुलाला ताप आहे, कधी दाढ दुखतेय. एका मॉलच्या दारात तर, बिचाऱ्याचा साखरपुडा मोडलाय, असंही सांगून झालं. सुधन्वा तिथल्या तिथे दुरुस्ती करायचा, की माझा साखरपुडा झालेलाच नाही.

कार्ड काढायची कुणावर सक्ती नव्हती, आणि म्हणूनच शशिकांतरावांना धडकी भरली होती. कागदावर एकदा चढलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, एवढं ते नोकरीत शिकले होते. आपण होऊन पोराच्या कपाळी शिक्का मारून घ्यायचा? लोक काय बोलतील ते बोलोत, पण उद्या जगाने त्याला त्या एका शब्दावरच मोजलं तर? त्यांनी लिहिलं, ‘चर्चा करावी’.

सुधन्वा रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी स्मरणपत्र ठेवू लागला. एकोणीस झाली तेव्हा शशिकांतरावांनी फाईल दिवाणात रजयांखाली कोंबली.

मग त्यांना गुवाहाटीचा दौरा लागला आणि घोडचूक झाली. निघताना सवयीने त्यांनी फ्रिजवर आदेश चिकटवला, की आमच्या अनुपस्थितीत चार्ज सौ. अलकनंदा यांच्याकडे राहील. त्यांच्या डोक्यात होता गॅसचा सिलिंडर. सुधन्वाने आदेश दोनदा वाचला, दिवाण उघडला आणि फाईल आईपुढे ठेवली. बाईंनी कणकेचे हात धुतले, ‘मंजूर. तातडीचे’ लिहून झोकात सही केली, आणि मायलेकांनी संध्याकाळच्या आत अर्ज भरून टाकला.

परतल्यावर शशिकांतरावांनी थयथयाट करायला तोंड उघडलं खरं, पण आदेशाखाली सही त्यांचीच. स्वतःची सही नाकारणं त्यांना सात जन्मात जमलं नसतं. हॉस्पिटलच्या तपासण्या झाल्या, आणि रुजू व्हायच्या चार दिवस आधी कार्ड आलं.

पहिल्या दिवशी बाप हट्टाने बरोबर निघाला. मेट्रोच्या गेटवर सुधन्वाने कार्ड पुढे धरलं आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, “मैं ऑटिस्टिक हूँ. छूने से पहले बता दीजिए, और धीरे बोलिए.” गार्डने कार्ड पाहिलं, मान डोलावली आणि सांगत सांगत तपासलं, आता खांदा, आता खिसा. अर्ध्या मिनिटात पोरगा पलीकडे. शशिकांतरावांना आनंदाने उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात त्यांचीच बॅग अडली. आत अडकित्ता होता. हे काय, असं गार्डने विचारताच तीस वर्षांची सवय उसळली. आधी ते औषधाचं हत्यार झालं, मग आईची आठवण, मग दुसऱ्याच कुणाचं तरी. मागे रांग तुंबली, लोक कुरकुरायला लागले. शशिकांतरावांना दरदरून घाम फुटला, हिंदी पार पळाली आणि ते गार्डला चक्क “अहो, ऐका ना” म्हणू लागले.

पलीकडून सुधन्वाचा शांत आवाज आला. “सर, वो सुपारी काटने का है. ये मेरे बाबा हैं. घबरा गए हैं. थोड़ा टाइम दीजिए, और धीरे बोलिए.”

गार्डने आवाज खाली आणला आणि अंकलना आरामात बोलायला सांगितलं. शशिकांतरावांचे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात त्यांच्यासाठी असं कुणी मागितलं नव्हतं, आणि मागायला किती थोडं लागत होतं! अडकित्ता घेऊन मात्र आत सोडणार नाहीत, असं कळलं.

“बाबा, तुम्ही घरी जा,” सुधन्वा म्हणाला. “मी जातो.”

आणि तो गेला. शशिकांतराव अडकित्ता हलवत टाटा करत राहिले, रांगेतले लोक हसले, तेही हसले. घरी येऊन त्यांनी बंद झालेली फाईल काढली, समासातलं आपलं जुनं अक्षर शोधलं आणि त्याखाली लिहिलं, ‘चर्चा झाली’.