मिंकोचं पाणी

सकाळपासून मी आणि गुनका वैनी पीठ चाळायच्या चाळणीनं कुंडीतली नाणी उपसत होतो. माझी मेंढरं मागं उभी राहून बें-बें करत होती. नाण्यांचा थर साचला की कुंडीचं भोक बुजतं, पाणी कुजतं आणि मेंढरू तोंड लावत नाही. मेंढराला घाण कळते, माणसाला कळत नाही, हे माझं जुनं मत आहे.

"बघ की," वैनी म्हणाली, "समदी चलनातनं गेलेली जुनीच नाणी. नवा युरो एक बी न्हाई."

"दुकानदार घीना, म्हून देवाच्या गळ्यात मारली. लोकास्नी नवस बी फुकटात पायजे."

वैनी हसली नाही. चाळणी काठावर आपटून ती कंबर धरत खाली बसली. तिचं दुखणं वेगळं होतं.

हा पाणवठा तिच्या नवऱ्यानं, वेल्चोनं बांधलेला. एकुलता पोरगा मिंको शिशाच्या खाणीत दरडीखाली गेला, तेव्हा वेल्चोनं डोंगरातला झरा वाटेपर्यंत आणला, भिंत उभी केली, दगडावर पोराचं नाव कोरलं. आमच्या डोंगरात मेलेल्या माणसासाठी असं पाणी बांधतात. वाटसरू येतो, पितो, तोंड पुसतो आणि म्हणतो, "देव त्याला माफ करो." पाण्याचं मोल तेवढंच. म्हणणारा परका हवा, घरच्याचं वर पोचत नाही, असं वैनी मानते. पुढं वेल्चोही गेला. गाव शहराकडं निघून गेलं, राहिलेल्यांच्या घरात नळ आले. उरले ते वाटसरूच. त्यात आमच्या सरपंचाला अक्कल सुचली. त्यानं पाटी ठोकली की नाणं टाका, इच्छा पुरी होईल. आता बसगाड्या थांबतात, लोक नाणं टाकतात, फोटो काढतात आणि जातात. पाणी कुणी पीत नाही.

"पाटी काढ म्हनावं त्याला," मी म्हणालो.

"म्हनलं की. तर म्हंतो, काकू, गावाचं नाव हुतंय." वैनीनं पदरासारखा बांधलेला फडका सोडून तोंड पुसलं. "आन माज्या पोराचं नाव कोन घेतंय रं?"

मी आपला चाळणी घेऊन पुन्हा वाकलो.

दुपारी बस आली. ऊन मरणाचं होतं. वैनीनं तांब्याचा पेला घासून भरला आणि नाणं टाकायला लागलेल्या रांगेपुढं धरला.

"प्या लेकरांनो. गार हाय."

सगळ्यांच्या हातात बाटल्या. एकानं विचारलं, "पाणी तपासलेलं आहे का, आजी?"

"माजा नवरा जलमभर ह्याच झऱ्याचं प्याला."

"मग आता कुठं आहेत ते?"

"मेला."

रांग खदखदून हसली. तेवढ्यात एक पोरगी पुढं आली. चेहऱ्यानं मायाळू. "उन्हात उभ्या राहू नका हो, आजी," म्हणाली आणि तिनं पेल्यात एक कोरं, दोन युरोचं नाणं टाकलं.

मला संताप आला. "ए बाय, ती भीक मागत न्हाई—"

"ऱ्हाऊ दे, दानो," वैनी म्हणाली. "पोरगी गुनाची हाय. तिनं तर हात सैल केला."

पेला काठावर ठेवून ती पायरीवर बसली. पोराच्या मातीला मी तिला पाहिलं होतं, नवऱ्याच्या मातीलाही पाहिलं होतं. इतकी दमलेली कधी पाहिली नव्हती. मेंढरं त्या रांगेत घुसवावीत असं माझ्या मनात आलं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

सगळ्यात शेवटी बसचा ड्रायव्हर उतरला. पोट सुटलेला, घामानं निथळणारा. रांगेला बाजूला सारून तो थेट धारेपाशी गेला, ओंजळ लावली आणि घटाघटा प्याला. मान भिजवली, पुन्हा प्याला. मग मिशा पुसत, जांभई द्यावी इतक्या सहज पुटपुटला, "देव त्याला माफ करो."

वैनीची मान वर झाली.

त्यानं दगडावरचं नाव वाचलं. "मिंको. कुनाचा म्हनायचा ह्यो?"

"माजा," वैनी म्हणाली. ती काठाला धरून उठू लागली.

"बसा, बसा. कसा हुता वो?"

हे तिला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"खानीत हुता," ती म्हणाली. "पर लई झोपाळू बग. पाळीला जायाचं आसलं की हाका मारून मारून माजा घसा बसायचा..."

ड्रायव्हर तिच्याशेजारी पायरीवर टेकला. माणसं बसमध्ये जाऊन बसली, कुणी हाक मारली, कुणी भोंगा वाजवला.

"वाजू दे त्यो," तो म्हणाला. "मग उठायचा का न्हाई, काकू?"