जाळीवरचं कापड

मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात मी पुस्तकं बांधत असे. पलीकडच्या खोलीत इमारत उबदार ठेवणारा बॉयलर होता. त्याला लागणारी हवा आमच्या भिंतीतल्या जाळीतून येई आणि दाराच्या झडपांतून पलीकडे जाई. बॉयलरवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताई, माझ्यावर रुसा हवं तर, पण त्या जाळीला हात लावू नका."

थंडीत त्या वाऱ्याने खळ लावता लावता सुकायची, पुठ्ठे वाकडे व्हायचे. एका सकाळी मी स्टुलावर चढले आणि जाळीवर बांधणीचं करडं कापड चिकटवलं. भिंतीच्याच रंगाचं, कडा दुमडून, एकही सुरकुती नाही. इतकं सफाईचं, की कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवसापासून आमची डोकी दुखू लागली. माझ्या हाताखालची मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, म्हणाली, "ताई, गरगरतंय हो."

"रात्रभर कादंबऱ्या वाचायच्या आणि दिवसा गरगरायचं!" मी म्हटलं.

ती हसली. दुपारी टेबलावरच कोसळली. मी तिला कसंबसं ओढत जिन्यावर आणलं.

डॉक्टर म्हणाले, "बॉयलरला हवा पुरली नाही की इंधन अर्धवट जळतं, विषारी वायू होतो. त्याला ना रंग, ना वास. तुम्ही होतात म्हणून ही वाचली."

त्या संध्याकाळी बॉयलर बंद होता, तळघरात कुणी नव्हतं. मी कापड सोलून काढलं आणि ओल्या फडक्याने खळ पुसली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेब म्हणाले, "जाळी तर उघडी आहे. म्हणजे बॉयलरच नीट ठेवला नव्हता."

"साहेब, तीस वर्षं ठेवतोय," बॉयलरवाले म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तिथंच बसता. तुम्हीच सांगा. जाळी उघडी होती?"

"होती," मी म्हणाले.

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

दहा-बारा दिवस घास गिळवेना. शेवटी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने हात धरून आत नेलं. "एवढ्या लोकांतून तुम्ही एकट्याच आलात हो!" तिच्यासमोरच मी सगळं सांगितलं. तिने माझा हात सोडला.

बॉयलरवाले शांत होते. "जाळीवरची धूळ पुसलेली दिसली, तेव्हाच कळलं. म्हणून तर तुम्हालाच विचारलं. वाटलं, सांगाल."

"उद्या साहेबांना सांगते."

"सांगा," ते म्हणाले. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी गेले ती तीन दिवसांनी. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं. "झालं ते झालं. नवा माणूस रुजू झाला. फाइल बंद आहे. तुम्ही त्या मुलीचा जीव वाचवलात, तेवढं लोकांच्या लक्षात राहू द्या. या तुम्ही."

मी वाद घालू शकले असते. लिहून देऊ शकले असते. वरच्या साहेबांची खोली दोनच दारं पलीकडे होती. पण मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

केलेल्या चुकीची लाज आताशा बोथट झाली आहे. त्या "होती"चीसुद्धा. पण साहेबांच्या दाराबाहेर मला हायसं वाटलं होतं, भूकही लागली होती. तिथून मी सरळ जेवायला गेले आणि पोटभर जेवले. ते आठवलं की या वयातही मान वर होत नाही.